रजिस्टर माझ्याकडे आलं त्या वर्षी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, काँक्रीटची ताकद कधी मोजतात? तो डोळे न उघडता सांगेल, २८ दिवसांनी. एम-२५ काँक्रीट म्हणजे २८ व्या दिवशी ज्याची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन भरते आणि शंभरातले फार तर पाच नमुने त्याखाली जातात, ते. ही व्याख्या मी परीक्षेत कितीदा तरी लिहिली होती. शेवटच्या वर्षी स्वतः भरलेल्या क्यूबसाठी, म्हणजे चाचणीसाठी साच्यात घातलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यासाठी, तेवढं थांबायची वेळ आली, तेव्हा त्या २८ दिवसांत माणसाने करायचं काय असतं हे शिकायला मिळालं. माझ्यात त्या वर्षी जो बदल झाला, तो बराचसा या थांबण्यातून आणि थांबताना सांभाळलेल्या एका रजिस्टरमधून झाला.

आमचा चौघांचा ग्रुप. प्रोजेक्टचा विषय होता सिमेंटचा काही भाग कमी करून त्या जागी फ्लाय अॅश वापरणं. सिमेंट बनवताना चुनखडी भट्टीत भाजतात, तेव्हा तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. शिवाय भट्टीला लागणारं इंधन वेगळंच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. आणि फ्लाय अॅश ही औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख. तेव्हा सिमेंट जितकं कमी लागेल तितकं बरं, हे उघड होतं. विषयावर आधी ढिगाने काम झालेलं आहे, म्हणून आम्ही जरा खट्टू झालो होतो. आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "विषय जुना असला तरी चालेल. आकडे मात्र तुमचे स्वतःचे हवेत."

पहिल्या कास्टिंगच्या, म्हणजे साचे भरायच्या, दिवशी लॅबमध्ये गेलो. दोन मुलांनी सरळ फावडी उचलली, तिसऱ्याने साच्यांना ऑइल लावायला घेतलं आणि माझ्या हातात पेन आलं. "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." हे वाक्य प्रॅक्टिकलच्या प्रत्येक ग्रुपमधल्या मुलीने ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण चार वर्षं तेच ऐकलं की चार वर्षांनी फावडं कसं धरायचं ते येत नाही. मला त्या दिवशी वाईट वाटलं. तरी बोलले नाही, रजिस्टर घेतलं आणि उभी राहिले.

लॅबमधले काका हे बघत होते. त्या लॅबमध्ये त्यांची उभी हयात गेलेली. ते जवळ येऊन म्हणाले, "बाळ, नुसतं वजन नि तारीख लिहू नको. डोळ्यांना काय दिसतंय तेही लिही. महिन्याभराने तुला आठवणार नाही आणि क्यूब बोलत नाही." त्यांनीच मला रकाने आखून दिले. पाणी घातल्याची वेळ, लॅबचं तापमान, वाळूचा ओलावा, स्लम्प (ओलं काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप), टॅम्पिंग म्हणजे सळईने ठोकणं कोणी केलं, साचा कोणी उघडला, आणि शेवटी एक रुंद रकाना, शेरा. मला पहिल्यांदा वाटलं, हे जरा अतीच आहे. टॅम्पिंग कोणी केलं याच्याशी ताकदीचा काय संबंध?

संबंध होता. क्यूबचा साचा १५० मिलिमीटरचा. थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईने ठोके द्यायचे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. एकाचे ठोके खोलवर जातात, दुसरा वरच्या वर मारतो. पहिल्या काही कास्टिंगनंतर साचे उघडले, तेव्हा कोणाचा क्यूब कोणता हे कडा बघून ओळखू येत होतं. रजिस्टर उघडलं की नाव समोर. त्यावरून भांडण होणार असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. ज्याचे ठोके हलके पडायचे तो स्वतःहून म्हणाला, मला नीट दाखव कोणीतरी. तीच संधी साधून मी सांगितलं की यापुढे कामं आळीपाळीने करायची. प्रत्येकाने मिक्स करायचं, प्रत्येकाने साचा भरायचा, प्रत्येकाने लिहायचं. रजिस्टरची जबाबदारी माझी, पण हात सगळ्यांचे. एवढं वाक्य बोलायला मला बरंच बळ एकवटावं लागलं होतं. कोणी हरकत घेतली नाही. काँक्रीटचा भरलेला एक क्यूब आठ किलोच्या आसपास भरतो. पाण्याच्या टाकीत मुरत ठेवलेले ओले क्यूब काढून चाचणीच्या मशिनपर्यंत नेता नेता माझे दंड भरून आले, आणि त्याचा मला आनंदच झाला.

वाळूच्या ओलाव्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण पुस्तकात तो एका ओळीत उरकलेला असतो. समजा एका घनमीटरला सिमेंट ३७२ किलो आणि पाणी १८६ लिटर आहे. पाणी-सिमेंटचं प्रमाण झालं ०.५०. वाळू ७०० किलो आहे आणि तिच्या कणांवर ५ टक्के ओलावा आहे. म्हणजे वाळूसोबत ३५ लिटर पाणी गुपचूप आत येतं. ते वजा न करता मोजून १८६ लिटर पाणी ओतलं, तर ०.५० चं ०.५९ होतं. डफ अब्राम्स यांनी १९१८ साली दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः या प्रमाणावर ठरते. पाणी वाढलं की ताकद घटते. सिमेंट तेच, खडी तीच, माणसं तीच, आणि निकाल पार वेगळा. म्हणून कास्टिंगच्या सकाळी सगळ्यात आधी वाळूचा नमुना तोलायचा, सुकवायचा, परत तोलायचा. यात तास-दीड तास जायचा. बाकीचे ग्रुप तोवर साचे भरून मोकळे व्हायचे. पहिल्या सेमिस्टरला त्यांच्याकडे बघून माझा जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्या सेमिस्टरला तसं वाटेनासं झालं. नेमकं कधी थांबलं ते सांगता येत नाही, पण थांबलं.

मग कॅलेंडर. फ्लाय अॅशची खरी गंमत २८ दिवसांनंतर सुरू होते. सिमेंट आणि पाणी यांच्या प्रक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू संयोग पावते आणि ताकद देणारा जोडपदार्थ त्यातून आणखी बनतो. ही क्रिया संथ आहे. त्यामुळे फ्लाय अॅशचं काँक्रीट सुरुवातीला मागे असतं आणि नंतर अंतर भरून काढत येतं. हे दाखवायचं तर ९० दिवसांचे क्यूब फोडायलाच हवेत. सबमिशनची तारीख कॉलेजने जाहीर केलेली, तिच्यातून रिपोर्ट लिहायचे दिवस वजा, त्यातून ९० वजा, की शेवटच्या कास्टिंगची तारीख हातात येते. ती तारीख आम्हाला वाटलं होतं त्याहून खूप अलीकडे निघाली. त्या संध्याकाळी मी सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. ७, २८ आणि ५६ हे चाचणीचे दिवस सातच्या पाढ्यातले आकडे आहेत. मंगळवारी भरलेला क्यूब २८ व्या दिवशी मंगळवारीच फुटतो. ९० मात्र पाढ्यात नाही. तो एक वार आधी पडतो. म्हणजे सोमवारी कास्टिंग केलं तर ९० वा दिवस रविवारी, आणि लॅबला कुलूप. सोमवार आम्ही कास्टिंगसाठी कायमचा सोडून दिला. हे कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं आणि कोणी सांगितलेलंही नव्हतं. अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी मी स्वतः शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत एका बांधकामाच्या साइटवर इंटर्नशिप केली. काम सोपं होतं: काँक्रीटची गाडी आली की चलन तपासायचं, स्लम्प घ्यायचा, क्यूब भरायचे, नोंद ठेवायची. माझं रजिस्टर तिथेही सोबत. एका दुपारी स्लॅबचं काम चालू असताना एक गाडी आली. स्लम्प चलनाप्रमाणे बरोबर होता. मी क्यूब भरायला वळले, तेवढ्यात ओतणाऱ्यांपैकी एकाने पाण्याचा पाइप थेट गाडीच्या ड्रममध्ये लावला.

मी धावत गेले आणि म्हटलं, पाणी घालू नका. तिथे उभे असलेले मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. माझा आवाज कापत होता, पण पाइप बाजूला होईपर्यंत मी जागची हलले नाही. वर्षभरापूर्वी मी हे केलं नसतं. फार तर चलनाच्या मागे काहीतरी खरडून घरी गेले असते. मिस्त्री चिडले नाहीत. ते म्हणाले, "ताई, मग तुम्हीच सांगा हे खाली कसं उतरवू? वर येऊन सळ्या बघा." मी त्यांच्यामागून वर गेले. बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे सळ्यांची इतकी दाटी होती की मधून बोटं जेमतेम जात होती. चलनावरचा स्लम्प साध्या स्लॅबच्या हिशोबाने मागवलेला होता. तसलं घट्ट काँक्रीट त्या जाळीतून खाली उतरणं अवघडच, आणि नाही उतरलं तर आत पोकळी राहणार. पाणी घातलं तर ताकद जाणार. मिस्त्रींची अडचण सोळा आणे खरी होती, त्यांचा उपाय तेवढा घातक होता.

मी साइट इंजिनिअर सरांना बोलावलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. पाणी घालत होते एवढंच सांगून मला मोकळं होता आलं असतं. माझी बाजू भक्कम होती. पण जाळीचं सांगितलं नसतं, तर पुढच्या गाडीलाही मी नसताना पाइप लागला असता. सरांनी प्लांटला फोन केला. प्लांटचा माणूस आला, त्याने गाडीत सुपरप्लास्टिसायझर घातलं, ड्रम फिरवला. हे रसायन सिमेंटच्या कणांच्या गुठळ्या सोडवतं, त्यामुळे पाणी न वाढवता काँक्रीट पातळ होतं. मी पुन्हा स्लम्प घेतला आणि दोन्ही आकडे लिहिले. पुढच्या गाड्या जास्त स्लम्पच्या मागवल्या गेल्या. शेऱ्याच्या रकान्यात मी मिस्त्रींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं: सळ्या दाट, माल उतरत नाही. संध्याकाळी त्यांनी मला व्हायब्रेटरची सुई कशी धरायची ते दाखवलं. उभी आत घालायची, हवेचे बुडबुडे यायचे थांबले की सावकाश वर ओढायची, आडवी फिरवून माल ढकलायचा नाही. तेवढ्या पाच मिनिटांत मी जे शिकले, ते मला लॅबमध्ये शिकता आलं नसतं, कारण लॅबमध्ये सळ्याच नसतात.

परत आल्यावर ३० टक्के फ्लाय अॅशच्या क्यूबचा २८ वा दिवस आला. टाकीतून काढून पुसलेले तीन क्यूब. मशिनमध्ये क्यूब आडवा ठेवायचा, थापीने सारखी केलेली बाजू वर किंवा खाली येऊ द्यायची नाही. दाब मिनिटाला साधारण ३१५ किलोन्यूटन या वेगाने चढवायचा. महिनाभर वाट पाहिलेला क्यूब दोन मिनिटांच्या आत फुटतो. आधी कडांना बारीक चिरा जातात, मग कोपऱ्यांचे कपचे उडतात आणि काटा मागे पडतो. आतून उरतं ते मध्यभागी निमुळतं झालेलं, कारण वरच्या आणि खालच्या पोलादी पट्ट्या घर्षणाने क्यूबची टोकं धरून ठेवतात आणि मधला भाग बाजूंनी निसटतो.

पहिला ५९४ किलोन्यूटनला फुटला. त्याला २२,५०० चौरस मिलिमीटरने भागलं की २६.४. दुसरा ६०७, म्हणजे २७.०. तिसरा ४८१ ला गेला. २१.४. तिघांची सरासरी २४.९.

तिसरा सोडला तर सरासरी २६.७ येत होती, पंचविसाच्या वर. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "हा क्यूबच खराब होता गं, काढून टाकू." तो काही लबाड मुलगा नाही. खरोखरच त्याला वाटत होतं की खराब नमुना धरणं म्हणजेच चूक. आम्ही नियम काढला. एखाद्या क्यूबचा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल, तर तो संचच ग्राह्य धरत नाहीत. २४.९ च्या १५ टक्के खाली म्हणजे २१.२. आमचा क्यूब २१.४ ला होता. मर्यादेच्या आत, अगदी थोडक्यात, पण आत.

मग रजिस्टर उघडलं. साचा उघडल्याच्या दिवसाचा शेरा माझ्याच अक्षरात होता: "डाव्या बाजूला तळाशी हनीकोम्बिंग, अंगठ्याएवढं." खडीच्या फटीत मॉर्टर न पोचल्याने राहिलेली पोकळी. क्यूब कमी का भरला त्याचं कारण मिळालं. पण आमच्या मित्राचं म्हणणं होतं की कारण मिळालं म्हणजे आता काढायला हरकत नाही, आणि माझं म्हणणं होतं की कारण मिळालं म्हणून तर ठेवायचा. तो शेरा आकडा बघण्याच्या आधी लिहिलेला आहे, म्हणून त्याला किंमत आहे. आता आकडा बघून क्यूब वगळला, तर बाकीच्या सगळ्या पानांवरचाही विश्वास जातो. बरीच वादावादी झाली. शेवटी मॅडमकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निर्णय आमच्यावर सोपवला. मला त्या क्षणी ते अन्यायाचं वाटलं होतं. त्यांनी सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. आता वाटतं, त्यांनी मोठ्या विश्वासाने ते आमच्यावर सोडलं. आम्ही रिपोर्टमध्ये २४.९ लिहिलं, खाली तीनही आकडे आणि शेरा जसाच्या तसा.

९० दिवसांना तोच मिक्स फ्लाय अॅश नसलेल्या काँक्रीटच्या बराच जवळ आला. अपेक्षितच होतं, तरी काका टाळी वाजवून हसले तेव्हा आम्ही चौघंही हसलो.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक रिपोर्ट चाळत होते. ९० दिवसांच्या तक्त्यावरून त्यांची नजर पुढे गेली आणि २४.९ वर थांबली. "हा क्यूब का ठेवलात?" मी उत्तर देणार होते, त्याआधी तो मित्रच बोलला. १५ टक्क्यांचा नियम, शेऱ्याची तारीख, सगळं. माझ्याहून नेटकं सांगितलं त्याने. मला त्या वर्षातला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटला असेल, तर त्या उत्तराचा.

नोकरीच्या मुलाखतीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. त्यांनी प्रोजेक्ट विचारला, मी सांगितला. साइटवरच्या पाइपची गोष्टही सांगितली. समोरच्या सरांनी एवढंच विचारलं की मिस्त्री काय म्हणाले हे तुम्ही का लिहून ठेवलंत. मी म्हटलं, कारण त्यांच्याशिवाय ते कोणाला माहीत नव्हतं. काम मिळालं, क्वालिटी विभागात.

प्रोजेक्ट पुढच्या बॅचने चालू ठेवला आहे आणि रजिस्टर आता एका ज्युनिअर मुलीकडे आहे. मधे तिचा फोन आला. "ताई, क्यूबचं वय कधीपासून धरायचं? साचा उघडला तेव्हापासून की टाकीत ठेवला तेव्हापासून?" म्हटलं, दोन्ही नाही. कोरड्या मालात पाणी पडलं, त्या घटकेपासून. म्हणून वेळ लिहायची, नुसती तारीख नाही. तिला शुक्रवारी कास्टिंग करायचं होतं. मी बोटांवर मोजलं, ९० वा दिवस गुरुवारी येत होता. सांगितलं, बिनधास्त कर, आणि सकाळी आधी वाळू तोल.